अण्णांच्या घरचा हिशेब

मंडळी, कर्वे रस्त्याने आपण रोज जातो, कर्वेनगरात राहतो. हिंगणं म्हटलं की आजही जुन्या माणसांना आश्रमच आठवतो. तेव्हा धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले अण्णा, कोण, हे या सभागृहात मी सांगायला नको. मला बोलायचंय ते त्यांच्या संसाराबद्दल. पण त्याआधी साताऱ्याची गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

१८७५ साल. मुरूडचा हा मुलगा सहावीच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारी नोकरीसाठीच्या, परीक्षेला निघाला. कोकणातून सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत, सगळा प्रवास पायी. आज आपण घाटात गाडी दहा मिनिटं अडकली तरी कुरकुरतो! परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. ती झाली होती, पण अंगकाठी किरकोळ, उंची कमी. समितीच्या अध्यक्षांनी पाहिलं आणि याचं वय भरत नाही म्हणून परत पाठवलं. आल्या वाटेने घरी! पुढच्या वर्षी हा पठ्ठ्या कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाला. आणि वयाचं म्हणाल, तर ज्याचं वय कमी वाटलं तो माणूस एकशेचार वर्षं जगला. शंभरी गाठली त्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळालं. (टाळ्या)

ही चिकाटी आपल्याला फार आवडते. माझी तक्रार इथेच आहे. जयंतीला हार एकाच फोटोला घालतात. ही चिकाटी ज्या घराने सोसली, त्या घराचं नावही कुणी घेत नाही.

अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदन या शाळेतल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, घरात सगळ्यांच्या बाया. मुरूडने बहिष्कार टाकला. गावी गेलं तर आईच्या घरात पाऊल टाकता येईना, कारण टाकलं असतं तर आई आणि भाऊही वाळीत पडले असते. स्वतःच्या आईच्या ओटीवर बसायची चोरी! ही किंमत बायांनीही मोजली.

पुढे १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला. संस्थेवर पुनर्विवाहाच्या प्रचाराचा शिक्का बसला तर लोक मुली पाठवणार नाहीत, देणग्या आटतील, म्हणून अण्णांनी तो प्रचार बाजूला ठेवला. व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. पण त्या घरातली पुनर्विवाहित बाई कोण होती? बायाच. नवऱ्याने उभ्या केलेल्या आश्रमात त्यांनाच मोकळेपणाने वावरता येईना. यावर आपण कधी बोललोय का? बायांनी स्वतः लिहून ठेवलंय. ‘माझे पुराण’ वाचा, सगळ्यांनी वाचा. त्यात रागही आहे आणि तो खरा आहे.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. मुद्दा भरभर सांगतो.

संस्थेत घातलेला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक संध्याकाळ घरातून वजा व्हायची. फर्ग्युसनमधले तास संपवून अण्णा चिखल तुडवत हिंगण्याला जायचे, तेव्हा घर बाया ओढायच्या. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं, १९२० मध्ये ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीने ते उभं राहिलं. पण त्याआधीची वर्षं या घराने ओढाताणीत काढली आणि तरी अण्णांची साथ सोडली नाही. मुलंही तशीच निघाली. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राबले. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, इरावतीबाई त्यांच्या पत्नी. शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले. थोरले रघुनाथराव संततिनियमनाच्या कामापायी नोकरीला मुकले.

अण्णा संसाराकडे पाठ फिरवणारे होते, असं मी म्हणत नाही. या संसाराशिवाय ते उभेच राहिले नसते, असं माझं ठाम म्हणणं आहे. बाया १९५० मध्ये गेल्या, अण्णा त्यानंतर बारा वर्षं जगले. संयोजकांना माझी एकच विनंती आहे: येत्या १८ एप्रिलला, अण्णांच्या जयंतीला, बायांचा फोटो शेजारी लावा आणि त्यांच्या पुस्तकातली चार पानं तरी एखाद्या मुलीकडून वाचून घ्या. रघुनाथरावांवर मात्र मला वेगळा तास हवा, ते पाच मिनिटांत मावणारे नाहीत.