लॅक्स्टनची शिवारफेरी

श्रोतेहो, नमस्कार.

शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून तालुक्याच्या कचेरीत वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर काउंटीतील लॅक्स्टन या गावात मात्र अशा कागाळीचा निवाडा गावकरीच, तोही शिवारात उभे राहून करतात.

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात कुंपण नसलेल्या विस्तीर्ण शिवारांत प्रत्येक कुळाच्या लांबट, अरुंद पट्ट्या विखुरलेल्या असत. पुढे, विशेषतः 18व्या आणि 19व्या शतकांत, पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून अशी शिवारे कुंपणाआड घातली. लॅक्स्टनची वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन शिवारे मात्र त्यातून वाचली. मार्क पिअर्स या मोजणीदाराने 1635 साली काढलेला त्यांचा नकाशा आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी आणि तिसऱ्याला विसावा, अशी पाळी तेथे आजही फिरत राहते.

नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाचे कोंब वर आले की, शेतकऱ्यांमधून निवडलेले पंच त्या वर्षीच्या गव्हाच्या शिवारात फेरी काढतात. पट्ट्यांच्या हद्दी पाहून ते खुंट ठोकतात, चर साफ आहेत की नाही ते तपासतात आणि कोणाचा नांगर सामायिक वाटेत किंवा गवताच्या राखीव पट्टीत घुसला असेल, तर त्याच्या नावावर दंड मांडतात. नांगर चुकून घुसला की मुद्दाम, हे ओळखायला या पंचांना वकील लागत नाही, कारण तीच माती ते स्वतः नांगरत असतात.

गावाला अर्थात इतर खेड्यांसारखी पॅरिश कौन्सिलही आहे. 1894 च्या कायद्याने सुरू झालेल्या या संस्थांना आपल्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण म्हणता येईल. त्यांचा छोटासा कर जिल्हा कौन्सिल आपल्या करासोबत गोळा करून देते. परंतु शिवाराचा कारभार कोर्ट लीट नावाच्या जुन्या न्यायसभेकडेच आहे. 1977 च्या कायद्याने अशा बहुतेक सभांचे न्यायाधिकार संपवले, तरी लॅक्स्टनच्या सभेचा शिवारावरचा अधिकार टिकला. दरम्यान जमिनीचे मालक बदलत गेले: 1952 मध्ये अर्ल मॅन्व्हर्स या उमराव जमीनदारांकडून ती कृषी मंत्रालयाने घेतली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेट या राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्स यांच्याच वारसांकडे, परतली. पंचांची फेरी या सर्व काळात चालूच राहिली.

फेरीनंतर साधारण आठवड्याभराने गावातील डव्हकोट इन या पबमध्ये न्यायसभा भरते. तेथे दंड जाहीर होतो, तोही थोड्याच पौंडांचा. पण तो शेजाऱ्यांच्या देखत भरावा लागतो. पुढच्या वर्षीचे पंच त्याच बैठकीत शपथ घेतात, आणि यंदा ज्याला दंड झाला, तोही त्यांच्यात असू शकतो.