चार बोटं उघडणारी खिडकी

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी,

मला आज कोविडच्या काळातल्या शाळांबद्दल बोलू दिलंत, त्याबद्दल कार्यकारिणीचे मनापासून आभार. मी शिकागोच्या एका उपनगरात पहिलीला शिकवते. २०२१ ची संक्रांत आपण सगळ्यांनी झूमवर साजरी केली. शाळा तेव्हा ऑनलाइन भरत होत्या. त्याच आठवड्यात ओळखीतल्या एका ताईंनी मला फोनवर विचारलं, "पगार चालूच आहे ना तुमचा? मग शाळेत जायला काय होतंय?" त्यांचा मुलगा दुसरीत होता, रोज सकाळी स्क्रीनसमोर बसायचं म्हटलं की रडायचा. त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, ते मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसले. त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आज देते.

माझ्या वर्गाला दोन खिडक्या आहेत. एक वर्षानुवर्षांच्या रंगानं चौकटीला चिकटून बसलेली. दुसरी चार बोटं उघडते, कारण मुलं वाकून पडू नयेत म्हणून तिला अडकण लावलंय. छताजवळ हवा आत येण्याची जाळी आहे. शाळा उघडायच्या आधी आम्हाला वर्ग लावायला बोलावलं, तेव्हा मी टिश्यूपेपरची एक पट्टी फाडली, खुर्चीवर चढले आणि ती जाळीसमोर धरली. पट्टी हलली नाही. हात भरून येईपर्यंत उभी राहिले, तरी हलली नाही. दाराला चिकटवलेल्या कागदावर मात्र ‘वायुवीजन तपासले’ असं लिहून खाली सही होती. तोवर कळून चुकलं होतं की हा विषाणू हवेतून पसरतो. तरी आम्हाला खोकेच्या खोके भरून मिळाले ते टेबलं पुसायचे ओले रुमाल.

आता शिकागो शहराकडे वळते, कारण तिथं जे झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. इलिनॉयमधल्या शाळा १७ मार्च २०२० पासून बंद होत्या. शहराच्या सरकारी शाळांनी बालवर्गाच्या आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या काही शिक्षकांना ४ जानेवारी २०२१ ला इमारतीत परत बोलावलं. जवळजवळ निम्मे आले नाहीत. पुढच्या सोमवारी, ११ तारखेला, ही मुलं शाळेत आली आणि घरूनच शिकवू म्हणणाऱ्या शिक्षकांची ऑनलाइन खाती बंद झाली, पगार थांबले. त्याच दिवशी काही शिक्षक शाळा मंडळाच्या अध्यक्षांच्या घरासमोर, शिकागोच्या जानेवारीतल्या थंडीत, लॅपटॉप मांडून शिकवायला बसले होते.

या राज्यात शिक्षकांना लस खुली झाली २५ जानेवारीला. बोलावणं आलं होतं ४ तारखेला. या तीन आठवड्यांत सगळं आलं, मंडळी. त्या शिक्षकांचं मागणं काय होतं? लस द्या, चाचण्या करा, हवा तपासा, रुग्ण वाढले तर शाळा कधी थांबवायची ते आधी ठरवा, आणि घरात आजारी माणूस असलेल्यांना घरून शिकवू द्या. फेब्रुवारीत करार झाला, त्यात यातलं बरंचसं मिळालं. मग १ मार्चला पाचवीपर्यंतचे वर्ग उघडले, ८ मार्चला सहावी ते आठवीचे, १९ एप्रिलला हायस्कूल. आणि शिक्षक शाळेत हजर झाले. हे शेवटचं वाक्य बातम्यांमध्ये कुठं दिसलं नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि शाळा उघडायची घाई सगळ्याच पालकांना होती असंही नाही. कोविडनं ज्या काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांमधली माणसं सर्वांत जास्त नेली, तिथल्या पालकांनी मुलांना घरीच ठेवणं जास्त पसंत केलं. तिथं एकाच घरात आजी-आजोबा आहेत, बाप बसडेपोत कामाला आहे. शाळेची इमारत सुरक्षित आहे हे त्यांनी कुणाच्या शब्दावर मानायचं?

माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ती ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरली. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० ला उघडायचे ठरले, मुंबईनं ते पुढं ढकलले. शिक्षकांना कोविडची आरटीपीसीआर चाचणी सक्तीची होती. ग्रामीण रुग्णालयाबाहेर ती तीन तास रांगेत होती. त्या रात्री फोनवर म्हणाली, "ताई, आमच्यातले दोघं पॉझिटिव्ह निघाले गं. ठणठणीत होते दोघंही. चाचणी झाली नसती तर सोमवारी फळ्यासमोर उभे असते."

मुलांचं नुकसान झालं. मी ते रोज पाहिलं. मास्क लावून पहिलीच्या मुलांना ‘फ’ आणि ‘थ’ शिकवून बघा. ओठ दिसत नाहीत, जीभ दिसत नाही, मूल नुसतं डोळ्यांकडे बघत राहतं. काही मुलांना वाचनाची गोडी लागायला पुढं दोन वर्षं गेली. त्या ताईंचा राग खोटा नव्हता. पण जाळीसमोरची पट्टी हलत नाही असं सांगणाऱ्या बाईला मुलांची माया नाही, असं कुणी म्हटलं की आजही माझ्या पोटात तुटतं.

आता आपल्या घरचं. आपली रविवारची मराठी शाळा तळघरातल्या हॉलमध्ये भरते. शिकवणाऱ्यांत तिघी आजी आहेत, तिघींनीही सत्तरी ओलांडली आहे. गेल्या महिन्यात मी कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर तिथं नेऊन ठेवला. हा वायू आपल्या उच्छ्वासातून साठतो, म्हणून आकडा जितका मोठा, तितकी हवा कोंडलेली. मुलं यायच्या आधी आकडा ५०० च्या आसपास होता. तासाभरानं, बाराखडी संपता संपता, तो १८०० च्या पुढं गेला. म्हणजे हिवाळाभर आपली मुलं आणि या आज्या एकमेकांची उच्छ्वासाची हवा घेत बसतात. हवेतले बारीक कण गाळणारी दोन हेपा गाळणीची यंत्रं आणि भिंतीवर एक मीटर, एवढाच ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. त्याला एक अनुमोदक लागतो. मी तिळगुळाच्या टेबलाशी थांबले आहे, जाताना येऊन नाव सांगा.