शेवटच्या गाडीचा चहा

(सोलापूर–विजापूर सामूहिक राईडच्या आधी झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मला विषय दिलाय 'मोठ्या ग्रुपमध्ये गाडी कशी चालवावी' आणि वेळ दिलीय वीस मिनिटं. नियम सांगणारच आहे, पण आधी माझं एक गाऱ्हाणं ऐकून घ्यावं लागेल. तुमची हेल्मेटं आयोजकांनी दाराशी ठेवून घेतली आहेत, त्यामुळं मधूनच उठून जाता येणार नाही.

मी राईडमध्ये कायम शेवटी असतो. स्वीप म्हणतात त्याला, सगळ्यांच्या मागून येणारा. नवीन पोरांना वाटतं, काकांचं वय झालं म्हणून मागं टाकलंय. अहो, ती जागा मी मागून घेतलीय. पुढच्याला फक्त रस्ता दिसतो, मला अख्खी वरात दिसते. कोण इंडिकेटर बंद करायला विसरलाय, कोणाच्या मागं बसलेलीची ओढणी चाकाकडं चाललीय, कोण आपल्या ताकदीपेक्षा जास्त पिळतोय, सगळं.

तर मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. हाच विजापूर रोड. उसाचा हंगाम, म्हणजे तुम्हाला सांगायला नको: एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि आत गाणी एवढी मोठ्यानं की हॉर्न ऐकू जाणं शक्य नाही. माझ्या पुढं एक जोडपं होतं, साध्या शंभर सीसीवर. वहिनी पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेल्या. टाकळीला भीमा ओलांडली तेव्हाच पुढची मंडळी दिसेनाशी झाली होती.

झळकीला पोचलो. पुढचे केव्हाच आलेले. हेल्मेट आरशावर, फोटो झालेले, दुसरा चहा चाललेला. वहिनी उतरल्या, गुडघे सरळ होईनात म्हणून सीटला धरून तशाच उभ्या राहिल्या. हातमोजे काढले, डोक्याचा स्कार्फ सोडला, कागदी कप हातात घेतला, आणि पुढून आरोळी आली, "चला चला, उशीर झालाय!" सगळ्यांनी धडाधड सेल्फ मारले. उकळता चहा घोटभर तरी कसा प्यायचा? त्यांनी तो टायरशेजारी ओतला आणि पुन्हा स्कार्फ बांधायला घेतला. लीडरसाहेब वर म्हणतात, "वहिनी, पुढं मिळेल की चहा!" पुढं काय मिळणार? पुढच्या थांब्यावरही तेच झालं. त्यानंतर ते दोघं कुठल्याच राईडला आले नाहीत.

बघा म्हणजे, ज्याची पाठ जास्त दुखतेय त्याला विश्रांती कमी, आणि जो भन्नाट आला त्याला दोन चहा. हा कुठला न्याय?

म्हणून माझा नियम एकच. थांब्याची वेळ शेवटच्या गाडीचं स्टँड लागल्यावर मोजायची. तिथून पंधरा मिनिटं. स्वीपच्या हातातला कप रिकामा झाल्याशिवाय लीडरनं किल्लीला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणाल, मग पुढचे अर्धा तास बसून राहतील. राहू दे की! लवकर यायला कुणी सांगितलं होतं? आणि खरी गंमत इथंच आहे. एकदा कळलं की कितीही पळवली तरी बसूनच राहायचंय, की नव्वदनं पळवण्यात मजा राहत नाही. पुढच्याचा वेग आपोआप उतरतो. मी भाषण देऊन जे जमलं नाही ते चहानं जमतं.

आणि पुढच्याचा वेग उतरायलाच हवा, कारण मोठ्या रांगेत वेग शेपटाकडं वाढत जातो. पुढचा चाळीसवरून साठवर गेला की मधलं अंतर ताणतं, ते भरायला शेवटच्याला ऐंशी गाठावी लागते. आणि शेवटी कोण असतो? सगळ्यात छोटी गाडी. आपण सोलापूरकर. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, मिरवणुकीनं निघतात. मागच्या काठीला मानाच्या काठीपुढं जायची घाई झालेली कुणी पाहिलीय? मग बुलेटवर बसल्यावरच काय होतं आपल्याला?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय, पटापट.

चाळीस गाड्या एका रांगेत न्यायच्या नाहीत. ताशी साठला गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. एकेक सेकंदाचं अंतर धरलं तरी रांग साडेसहाशे मीटर होते. तिला ट्रक ओलांडणार कसा? सहा-सातचे गट करा, गटागटात मोकळी जागा सोडा. सरळ रस्त्यावर पुढचा लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या. तिरक्यात पुढं असलेल्याशी एक सेकंदाचं अंतर, थेट आपल्या पुढच्याशी दोन. वळणावर, अरुंद पुलावर एकामागं एक. जोडीनं गप्पा मारत चालवायचं नाही. नवखा लीडरच्या लगेच मागं. ओव्हरटेक एकेकानं, स्वतः रस्ता बघून. पुढचा गेला म्हणून मी गेलो, असं नाही. आणि ट्रॉली ओलांडल्यावर लगेच ब्रेक मारू नका, मागच्याला आत शिरायला जागा लागते.

खुणा डाव्या हातानं, उजवा थ्रॉटलवर. एक बोट वर म्हणजे एकेरी रांग, हात खाली आणि तळवा मागं म्हणजे थांबा, टाकीकडं बोट म्हणजे पेट्रोल. आपल्याला मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी अशा चार भाषांत ओरडता येतं, पण हेल्मेटमध्ये एकही ऐकू जात नाही. फाट्यावर लीडरच्या मागचा, तो नवखा असेल तर त्याच्या मागचा, थांबेल आणि स्वीप येईपर्यंत वळण दाखवेल. टोलनाक्यावर टू-व्हीलरला पैसे नाहीत, म्हणून कडेच्या बोळातून घुसाघुशी नको.

मागून कुणीतरी विचारतंय, पंक्चर झालं तर? स्वीप आणि आणखी एकजण थांबेल. बाकीच्यांनी ठरलेल्या थांब्यावर जायचं. हायवेच्या कडेला चाळीसजण उभे राहून पंक्चर लवकर निघत नाही.

निघायचं साडेपाचला, आणि टाक्या आदल्या रात्रीच भरून ठेवा. पहाटे पंपावर रांग लावलेली मला चालणार नाही.