मॅप मोठा आहे म्हणून गेम मोकळा होत नाही!

नमस्कार मंडळी! आजचा विषय तुम्हीच माझ्या गळ्यात मारलाय. कुठल्याही साय-फाय अ‍ॅडव्हेंचर गेमचं नाव काढलं की खाली पहिली कमेंट ठरलेली, "दादा, ओपन वर्ल्ड आहे की लीनियर?" लगेच दुसरी, "लीनियर असेल तर राहू दे." आज एकदाचं बोलूनच टाकू.

व्याख्या तुम्हाला माहीत आहेत. अ नंतर ब, ब नंतर क, हा लीनियर. कुठेही जा, कुठूनही सुरू करा, हे फ्री एक्सप्लोरेशन. झालं, पुढे.

माझं डोकं कुठे फिरतं ते सांगतो. लोक हे सगळं मॅपच्या आकारावरून ठरवतात! मॅप मोठा, बाइक आहे, लांबवर डोंगर दिसतायत, म्हणजे मोकळा गेम. डिसेंबर २०२५ मध्ये आलेला 'मेट्रॉइड प्राइम ४: बियॉन्ड' बघा. (मेट्रॉइड ही निन्टेंडोची साय-फाय गेम मालिका, सॅमस तिची नायिका.) मधोमध सोल व्हॅली नावाचं अख्खं वाळवंट आहे, त्यात सॅमस मोटरसायकल पळवते. ट्रेलर बघून निम्म्या लोकांनी "ओपन वर्ल्ड आला रे" म्हणून नाचायला सुरुवात केली. आणि खेळताना काय होतं? रेडिओवरून मॅकेन्झी नावाचा साथीदार सांगतो आता कुठे जायचं, मग आपण वाळू तुडवत तिथेच जातो. म्हणजे रस्ता एकच, फक्त रुंद केलाय.

म्हणून माझा प्रश्न एवढाच असतो: पुढे कुठे जायचं हे कोण ठरवतंय? तुम्ही की गेम? मॅप किती किलोमीटरचा आहे ते मला सांगूच नका.

हेच उलट्या बाजूने बघू. नोव्हेंबर २००२. अमेरिकेत एकाच सुमारास दोन मेट्रॉइड आले. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर 'फ्यूजन', गेमक्यूबवर पहिला 'प्राइम' (दोन्ही निन्टेंडोचे कन्सोल). फ्यूजनमध्ये स्पेस स्टेशनवरचा कॉम्प्युटर तुम्हाला नॅव्हिगेशन रूममध्ये थांबवतो, मॅपवर जागा दाखवतो, आणि बाकीचे दरवाजे कुलूपबंद. चक्क लीनियर. प्राइममध्ये पण हिंट येते, फक्त ती ऑप्शन्समध्ये जाऊन बंद करता येते. एकाच घरातले दोन गेम, कुलपं दोघांतही आहेत. पण हिंट बंद केलीत की प्राइममध्ये "आता कुठे?" हा विचार तुमच्यावर येतो. फ्यूजनमध्ये तो येतच नाही.

आणि थांबा, फ्यूजनला शिव्या घालणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एक मिनिट. त्या स्टेशनवर एसए-एक्स, म्हणजे सॅमसची नक्कल केलेला शत्रू, फिरतोय. सॅमसचाच चेहरा, सॅमसचीच पूर्ण ताकद, आणि आपली सॅमस मात्र अर्धमेली. त्याच्या बुटांचा आवाज आला की आपण श्वास धरून कोपऱ्यात. ही भीती जमली कारण आपण त्या क्षणी नेमके कुठे असणार हे गेमला माहीत होतं. आपण भलतीकडे भटकत असतो तर तो सीन फुकट गेला असता. त्यामुळे "लीनियर म्हणजे आळशी डेव्हलपर" असं लिहिणाऱ्या सज्जनांना साष्टांग नमस्कार.

आता तिसऱ्या बाजूने, आणि हीच बाजू मला सगळ्यात लाडकी. दरवाजा बंद असणं वेगळं, आणि तो कसा उघडायचा हे तुम्हाला माहीत नसणं वेगळं. १९९४ चा 'सुपर मेट्रॉइड'. ब्रिन्स्टार नावाच्या भागात तुम्ही एका खोल शाफ्टमध्ये उतरता, तळाशी तीन छोटे हिरवे प्राणी, एटिकून्स. ते भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत वर जातात. टेक्स्ट नाही, ट्यूटोरियल नाही. बघा आणि करा. गंमत म्हणजे ही वॉल जंप सॅमसला गेमच्या पहिल्या सेकंदापासून येत असते! नवीन वस्तू काहीच मिळालेली नाही. फक्त आपल्याला कळलं. आणि कळल्यावर, जिथे गेमने "नंतर ये" म्हटलं होतं तिथे लोक आधीच घुसायला लागले.

हीच कल्पना घेऊन अख्खा गेम बांधला तर? २०१९ चा 'आउटर वाइल्ड्स'. लाँच कोड घेतलात, यानात बसलात, की सगळी सूर्यमाला तुमची. अपग्रेड नाही, लेव्हल नाही. ज्याला सगळं माहीत आहे तो पहिल्याच फेरीत शेवट गाठू शकतो. चावी म्हणजे माहिती, बस.

माझा मामेभाऊ हा खेळत होता आणि मी शेजारी तोंड शिवून बसलो होतो. सारखं, "आता काय करू? सांग ना." मी गप्प. ब्रिटल हॉलो नावाच्या ग्रहावर गेला. तो ग्रह आतून पोकळ, मधोमध ब्लॅक होल. पाय सटकला, पडला आत. ओरडला, "मेलो!" मेला नव्हता. व्हाइट होलमधून भलत्याच ठिकाणी बाहेर आला, समोर एक स्टेशन तरंगतंय. त्यानंतर दोन तास मला विचारलंच नाही काही. जेवायला हाक मारली तरी नाही. मामी माझ्यावर चिडली, ते वेगळं.

आता मूळ प्रश्न फिरवतो, कारण "आउटर वाइल्ड्स म्हणजे शंभर टक्के मोकळा" हेही कमेंटमध्ये फार चालतं. नाही हो! तिथली वेळ पक्की लीनियर आहे. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, आपण मरतो आणि नवी फेरी पुन्हा सुरुवातीपासून, दर वेळी. अ‍ॅश ट्विनवरची वाळू शेजारच्या एम्बर ट्विन ग्रहावर ओतत राहते, दर वेळी त्याच गतीने. एम्बर ट्विनच्या गुहा बघायच्या तर लवकर जा, नंतर वाळूने भरतात. अ‍ॅश ट्विनवर गाडलेलं बघायचं तर उशिरा जा. एसटी स्टँडसारखं आहे: कुठल्याही गाडीत बसा, पण गाडी तिच्या वेळेलाच सुटणार. तरी गेम मोकळा का वाटतो? कारण (म्हणा माझ्याबरोबर) पुढे कुठे जायचं हे तुम्ही ठरवता. शिप लॉगमधून, म्हणजे यानातल्या नोंदवहीतून, एखाद्या जागेवर मार्कर लावता येतो, पण कुठल्या जागेवर, ते तुमचं तुम्ही.

एकाने लिहिलंय, "२२ मिनिटांत मरायचं तर फिरणार कधी?" अहो, तुम्ही मरता, शिप लॉग मरत नाही. जे सापडलं ते पुढच्या फेरीत लिहिलेलं असतं. अडकलात तर लॉगमध्ये रूमर मोड उघडा, कुठली जागा अर्धवट राहिलीय ते तिथे कळतं. यूट्यूबवर वॉकथ्रू उघडू नका. या गेममध्ये माहिती हीच चावी आहे, ती दुसऱ्याकडून घेतलीत तर खेळायला उरतं काय?

सुरुवात कशाने करायची? भटकायची सवय नसेल, रात्री झोपण्याआधी तासभरच मिळत असेल, तर फ्यूजन. खरंच. रविवार मोकळा असेल आणि घरचे समजूतदार असतील, तर आउटर वाइल्ड्स. प्राइम ४ वर स्वतंत्र व्हिडिओ करतो, त्या बाइकबद्दल मला बरंच बोलायचंय.

आणि आउटर वाइल्ड्सचा शेवट खाली लिहिणाऱ्यांची कमेंट मी उडवणार. रडायचं नाही मग.