भंगार वेचणाऱ्याचं रौप्य अस्वल

श्रोतेहो, नमस्कार.

२५ मार्च २००२ ची सकाळ तुमच्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल. लॉस एंजलिसमध्ये अजून रविवारची रात्र चालू होती आणि इकडे सोमवारचा डबा भरता भरता लोक टीव्हीकडे कान लावून होते. आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ ऑस्करच्या शेवटच्या पाचांत होता. लिफाफा उघडला, आणि नाव निघालं ‘नो मॅन्स लँड’. देश बोस्निया, दिग्दर्शक डानिस तानोविच. आपण सगळे हळहळलो. हे तानोविच कोण, हे मात्र फार थोड्यांनी शोधलं. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे. ‘लगान’ मला मनापासून आवडतो, तरीही सांगतो, ते बक्षीस योग्य सिनेमाला गेलं होतं.

तानोविच यांचा जन्म १९६९ चा, झेनित्सा या गावचा. वाढले सारायेवोत, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीत. आधी पियानो शिकले, मग स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळले आणि शेवटी नाट्य-चित्रपट अकादमीत आले. तिथे शिकत असतानाच, एप्रिल १९९२ मध्ये, बोस्नियात युद्ध पेटलं आणि शहराला सर्ब फौजांचा वेढा पडला. तो उठला फेब्रुवारी १९९६ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षं! वीज नाही, पाणी नाही, डोंगरावरून तोफा आणि नेमबाजांच्या गोळ्या. तेवीस वर्षांच्या तानोविचनी कॅमेरा उचलला आणि बोस्नियाच्या सैन्यासाठी चित्रीकरण सुरू केलं. तीनशे तासांहून जास्त फिल्म या माणसाने त्या वेढ्यात टिपली. पुढे ब्रुसेल्सला जाऊन अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि २००१ मध्ये पहिला कथापट केला, तो ‘नो मॅन्स लँड’.

गोष्ट छोटीशी आहे. दोन फौजांच्या मधला एक खंदक. त्यात अडकलेले दोन शत्रू, बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातला मुस्लिम, चिकी आणि सर्ब निनो. तिसरा त्सेरा, पाठीखाली सुरुंग घेऊन उताणा पडलेला. उठला की स्फोट. युद्ध कोणी सुरू केलं यावर चिकी आणि निनो भांडतात, आणि बंदूक ज्याच्या हातात असेल त्याच्या मनासारखं उत्तर दुसऱ्याला द्यावं लागतं. बंदूक हात बदलते, तसं उत्तरही बदलतं. एका प्रसंगात दोघंही गणवेश उतरवून, नुसत्या आतल्या कपड्यांवर खंदकाबाहेर येतात आणि पांढरं कापड हलवतात. दोन्हीकडचे सैनिक दुर्बिणीतून बघत राहतात, आणि यातला आपला कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही.

जाता जाता एक विनंती. हा सिनेमा डब केलेला बघू नका. खाली अक्षरं वाचायचा कंटाळा करू नका. यातलं निम्मं नाट्य कोणाची भाषा कोणाला कळत नाही यावर उभं आहे. सगळे एकाच भाषेत बोलायला लागले तर उरलं काय? आपल्याकडे हल्ली जे येईल ते डब करायची घाई असते, आणि त्यात नटाचा आवाज जातो, म्हणजे निम्मा नट जातो. हे मी पूर्वीही सांगितलंय, पुन्हा सांगतो.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे वळतो. ती ऑस्करच्या दहा वर्षांनंतरची आहे.

२०११ चा हिवाळा. तानोविच वर्तमानपत्र वाचत होते. आत एक बातमी होती. तुझला शहराजवळ, लुकावात्स भागात पोल्यित्से नावाचं गाव आहे. तिथल्या रोमा, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या, वस्तीत नाझिफ मुयिच आणि सेनादा हे जोडपं राहायचं. नाझिफ भंगार वेचायचा. पत्रा, लोखंड, जुन्या गाड्यांचे सांगाडे, जे मिळेल ते घेऊन वजनावर विकायचा. दोन लहान मुली होत्या आणि सेनादाला पुन्हा दिवस गेले होते. एके दिवशी तिच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. दवाखान्यात कळलं, मूल पोटातच गेलंय. ताबडतोब क्युरेटिंग करायला हवं, नाहीतर अंगात विष पसरेल. मोठ्या इस्पितळात गेले, तर तिथे विचारलं, आरोग्य विम्याचं कार्ड? ते नव्हतं. मग ९८० बोस्नियन मार्क भरा. म्हणजे साधारण पाचशे युरो. भंगारवाल्याकडे एवढे पैसे कुठून येणार? हप्त्याने देतो म्हणाला, गयावया केली. नाही म्हणजे नाही. जीव धोक्यात असलेल्या बाईला घरी पाठवलं. परत आले, परत पाठवलं.

श्रोतेहो, ‘आधी डिपॉझिट भरा’ हे शब्द तुमच्या-माझ्या घरातल्या कोणी ना कोणी रात्री-अपरात्री ऐकलेले आहेत, म्हणून ते मी समजावत बसत नाही. माझं मत एवढंच आहे की, पैशाची खिडकी रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या मध्ये असूच नये. ती बाहेर जायच्या दाराशी असावी.

तर ती बातमी वाचून तानोविच संतापले. ज्या देशासाठी लोक लढले त्या देशात हे होतं? आणि नाझिफ स्वतः युद्धात लढलेला माणूस होता! ते उठून त्या वस्तीवर गेले. चारचौघांसारखा सिनेमा करायचा तर पैसे उभे करण्यातच वर्षं गेली असती आणि तोवर राग निवला असता. नट घेऊन ही गोष्ट सांगणंही त्यांना पटेना. म्हणून त्यांनी नाझिफ आणि सेनादालाच विचारलं, तुमच्या बाबतीत जे घडलं ते तुम्हीच कॅमेऱ्यासमोर कराल का? दोघं तयार झाली.

लिहिलेली पटकथा नव्हती. दिवे, क्रेन, मेकअप असलं काही नाही. फोटो काढायचा डिजिटल कॅमेरा खांद्याशी धरून चित्रीकरण. त्यांचंच घर, त्यांच्याच मुली, त्यांचेच शेजारी. खर्च सतरा हजार युरो आणि चित्रीकरण नऊ दिवस. पुन्हा सांगतो, सतरा हजार युरो आणि नऊ दिवस. मोठ्या सिनेमात यापेक्षा जास्त पैसा नुसत्या जेवणावळीवर जातो.

आणि काय उतरलंय त्यात! सुरुवातीला नाझिफ बर्फात लाकडं आणायला जातो, सेनादा चुलीशी पीठ मळते, मुली धिंगाणा घालतात. कोणी अभिनय करत नाही, म्हणून नजर हलत नाही. मग दुखणं सुरू होतं, आणि त्याच रस्त्यावरून इस्पितळाच्या फेऱ्या. प्रत्येक फेरीत गाडीच्या काचेतून औष्णिक वीज केंद्राचे धूर ओकणारे प्रचंड मनोरे दिसतात. परळीच्या किंवा कोराडीच्या लोकांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. तिसऱ्यांदा जायची वेळ येते तेव्हा सेनादा साफ नकार देते. मरण समोर दिसत असताना बाई नाही म्हणते, कारण पुन्हा तो अपमान नको. शेवटी एका नातेवाईक बाईचं विम्याचं कार्ड मागून आणतात, दुसऱ्याच नावाने तिला दाखल करतात आणि ती वाचते.

पण घरी परततात तर दिव्याचं बटण दाबून दिवा लागत नाही. बिल थकलं म्हणून वीज तोडलेली. त्या मनोऱ्यांच्या गावात! औषधं आणायचीत, बिल भरायचंय. नाझिफ बाहेर येतो, कुऱ्हाड घेतो आणि स्वतःचीच गाडी फोडायला लागतो. ज्या गाडीतून बायकोला इस्पितळात नेलं तीच. दारं निखळतात, पत्रा वाकवून बांधला जातो आणि भंगाराच्या काट्यावर जातो. तानोविच हे सगळं घाई न करता दाखवतात. एक घाव, दुसरा घाव. त्याला लागणारी धाप आपल्याला ऐकू येते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये हा सिनेमा बर्लिन महोत्सवात गेला. परीक्षकांचे प्रमुख होते हाँगकाँगचे वाँग कार-वाई. सिनेमाला परीक्षकांचं मोठं पारितोषिक मिळालं आणि सर्वोत्तम अभिनेत्याचं रौप्य अस्वल, म्हणजे बर्लिनचं मानचिन्ह, नाझिफ मुयिचला! आयुष्यात कधी अभिनय न केलेल्या माणसाला. गावी परतल्यावर त्याला नोकरी मिळाली, विमाही मिळाला. पण ते दिवस टिकले नाहीत. पुढे त्याने जर्मनीत आश्रय मागितला, तो नाकारला गेला. पुन्हा भंगार सुरू झालं. जानेवारी २०१८ मध्ये त्याने ते रौप्य अस्वल चार हजार युरोंना विकलं, कारण घरात खायला नव्हतं. फेब्रुवारीत तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

सिनेमाने काय होतं, असं लोक विचारतात. एका सिनेमाने एका घराची गरिबी गेली नाही, हे खरंच आहे. पण सेनादाला परत पाठवल्याची ती बातमी एका दिवसात विझली असती. ती आज जगभर बघितली जाते, आणि विम्याचं कार्ड नसलेल्या बाईचं काय होतं हे बघणाऱ्याला टाळता येत नाही. म्हणून मी तानोविच यांचं सगळ्यात मोठं काम याला म्हणतो, ऑस्करवाल्या सिनेमाला नाही.

वेळ संपत आलाय, म्हणून बाकीचं भराभर. २०१६ मध्ये ‘डेथ इन सारायेवो’साठी बर्लिनचं तेच मोठं पारितोषिक त्यांना पुन्हा मिळालं. त्याआधी २००८ मध्ये मित्रांबरोबर ‘नाशा स्त्रांका’, म्हणजे ‘आपला पक्ष’, नावाचा राजकीय पक्षही काढला. आणि आपल्याला जवळचा म्हणजे २०१४ चा ‘टायगर्स’, बाळांच्या दुधाच्या पावडरीचा धंदा उघडा पाडणाऱ्या पाकिस्तानी विक्रेत्याची गोष्ट. त्यात नायक आहे आपला इम्रान हाश्मी. चुंबनदृश्यांच्या शिक्क्यापलीकडे हा नट किती पेलू शकतो हे बघायचं असेल तर तो जरूर बघा. चार वर्षं अडकून पडल्यावर २०१८ मध्ये तो झी फाइव्हवर आला. त्याच्या आधी मात्र भंगारवाल्याचा सिनेमा शोधा. ‘अ‍ॅन एपिसोड इन द लाइफ ऑफ अ‍ॅन आयर्न पिकर’ असं लांबलचक नाव आहे, लिहून घ्या. सव्वा तासाचा आहे. नमस्कार.