आय फाईव्ह म्हणजे कुठला आय फाईव्ह?

मंडळी, आज इथं जास्त करून आईवडील आलेत, खानापूर-निपाणीकडनं पण आलेत, म्हणून मी सरळ कॉम्प्युटरच्या दुकानातनंच सुरुवात करतो. पोराचं बीसीएला नाहीतर डिप्लोमाला ॲडमिशन झालेलं असतं, बजेट बेताचं, आणि समोरचा सांगतो, आय फाईव्ह हाय, आठ जीबी हाय, घेऊन जावा. एवढ्यावर पैसे काढून देऊ नका, हेच सांगायला मी आलोय.

आय फाईव्ह हे नाव इंटेल कंपनी आपल्या प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपला, २००९ पासून वापरतंय, तेव्हा नुसतं आय फाईव्ह म्हटलं तर काहीच कळत नाही, पुढचा नंबर विचारायचा. आय५-३४७० असेल तर पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ चा माल. आय५-१२४०० असेल तर पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी जनरेशन, २०२२ चा. दोन्हीवर स्टिकर आय फाईव्हचाच. सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, बऱ्याच घरांत तेच परवडतं, खरं विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर चालतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं तिसरी-चौथी जनरेशन कोण नव्या भावात देत असेल तर सरळ नाही म्हणा. आणि सीपीयू म्हणजे हा प्रोसेसरच, एक चिप, आपण अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो तो डबा म्हणजे कॅबिनेट.

आता ते आठ जीबी. कसले आठ जीबी ते विचारा, कारण रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायची जागा, पण जीबीतच मोजतात आणि डिस्क, म्हणजे कायमचं साठवायची जागा, ती पण जीबीतच. पावसाळ्यात जांबोटीकडं लाईट जाते, पोरगं प्रोजेक्ट टाईप करत बसलेलं असतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं, ते रॅममध्ये होतं म्हणून गेलं. रॅमला करंट लागतो, करंट गेला की ती रिकामी. सेव्ह केलेलं डिस्कवर असतं, ते राहतं. आज आठ जीबी रॅम म्हणजे कसंबसं भागतं, म्हणून रॅम बसवायचा आणखी एक स्लॉट रिकामा आहे का तेवढं बघून घ्या. नंतर रॅम वाढवायची झाली तर डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यातली कुठली ते माहीत पाहिजे, एकीची दुसरीच्या जागी बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते, आणि व्होल्टेज पण वेगळं, १.५, १.२ आणि १.१. जोर लावून बसवू नका ओ, स्लॉट जातो.

डिस्कचं मात्र नीट ऐका, जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे, आणि डोकं त्यावरनं सरकत माहिती शोधतं. एसएसडी ही चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. हार्डडिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, एसएसडी जोडायच्या दोन पद्धती, त्यातली साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते, एनव्हीएमई तर तीन हजारच्या पुढं. एम डॉट टू (M.2) असं लिहिलेलं दिसेल, तो एसएसडीचा नुसता आकार आहे, त्यात साटा पण येते आणि एनव्हीएमई पण, म्हणून मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग बसतात त्या मुख्य बोर्डला, कुठली चालते हे आधी बघायचं, मगच विकत घ्यायची.

एक टीबीची डिस्क घरी लावली आणि ९३१ जीबीच दिसली म्हणून कित्येक जण भांडायला जातात. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. इंटरनेटचं पण असंच, १०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आठनं भागा, सेकंदाला साडेबारा एमबीच उतरणार.

राहिला यूपीएस, लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर मशीन चालवणारा डबा. आपल्या भागात तो घ्याच. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस ६०० वॅट देत नाही, बऱ्याच वेळा ३६० च्या आसपासच देतो, मागच्या लेबलवर वॅट छापलेले असतात ते वाचा. लाईट गेल्यावर जी काही मिनिटं मिळतात ती सेव्ह करून मशीन नीट बंद करायला आहेत, काम चालू ठेवायला नाहीत. आणि लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, तापताना तो एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो आणि मशीन पण त्याच्याबरोबर बंद पडतं.