क्लबचं रिन्यूअल अडतं कुठे? फॉर्म, फी आणि मतदार यादी

नमस्कार मंडळी, आजचा विषय ऐकायला एकदम ऑफिसचा वाटेल, क्लबच्या मेंबरशिपचं रिन्यूअल. पण यावरून चांगले चाललेले क्लब फुटलेत, फेडरेशन कोर्टात गेल्यात आणि ज्या पोराला फक्त खेळायचंय ते मॅचच्या दिवशी बाहेर बसलंय, म्हणून आज जरा नीट बोलू.

आधी रचना समजून घ्या. खेळाडू क्लबचा मेंबर असतो, क्लब जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघटनेला संलग्न असतो, ती राष्ट्रीय फेडरेशनला आणि ती आंतरराष्ट्रीय फेडरेशनला. बहुतेक खेळांत साधारण दरवर्षी खालून वर पैसे आणि नावांची यादी जाते, आणि वरून खाली येतो इन्शुरन्स, स्पर्धेत एन्ट्री, पंच, रँकिंग, कोचचं सर्टिफिकेट. म्हणजे रिन्यूअल झालं नाही तर क्लब बंद पडत नाही, ग्राउंडवर प्रॅक्टिस चालूच राहते, पण एखाद्याला दुखापत झाली तर इन्शुरन्स नाही आणि मॅच जिंकलीत तरी ती कुठे मोजली जात नाही. फेडरेशनचा खरा जोर इथे आहे, आणि बऱ्याच खेळांत एका देशाची एकच मान्यताप्राप्त फेडरेशन असते त्यामुळे क्लबला "जातो दुसरीकडे" म्हणायची सोयच नाही.

आता पैशाचं बघू. फी लावायच्या मुख्य दोन पद्धती, एकतर क्लबमागे ठरावीक रक्कम नाहीतर मेंबरच्या डोक्यामागे. ठरावीक रक्कम ठेवली की वीस पोरांचा क्लब आणि पाचशे मेंबरांचा क्लब सारखेच पैसे भरतात, छोटा क्लब रडतो, आणि त्याचं बरोबर आहे. डोक्यामागे लावली की क्लब डोकीच कमी दाखवतात. जर्मनीत क्लबांना 1 जानेवारीला असलेले मेंबर मोजून राज्याच्या क्रीडा महासंघाला कळवावे लागतात आणि डोक्यामागची वर्गणी त्या आकड्यावर ठरते, म्हणजे तारीख एक आणि मोजणी एक, निदान मोजायचं केव्हा यावर तरी वाद उरत नाही. जिथे अशी पक्की तारीख नसते तिथे फेडरेशनला वाटतं क्लब आकडे चोरतायत आणि क्लबला वाटतं फेडरेशन आपल्यावर पोलीस सोडतेय.

इंग्लंडच्या बुद्धिबळाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे आधी रेटिंगसाठी धरल्या जाणाऱ्या प्रत्येक डावामागे थोडी थोडी फी होती, 2012 मध्ये तिथल्या फेडरेशनने ती पद्धत बदलून खेळाडूंची वैयक्तिक मेंबरशिप आणली. फेडरेशनच्या बाजूने बघितलं तर यात तथ्य आहे, वर्षाचं उत्पन्न आधी कळतं, आपले खेळाडू कोण ते नावानिशी कळतं. पण क्लबच्या टीममधून वर्षाला चार डाव खेळणाऱ्या माणसाचा विचार करा, आधी तो चार डावांपुरतं देत होता, आता वर्षाची मेंबरशिप घ्यायची. आणि हे त्याला समजावून कोण सांगणार? क्लबचा सेक्रेटरी, जो हे सगळं फुकट करतो, नोकरी सांभाळून, रात्री बसून.

या सेक्रेटरी लोकांबद्दल मला मनापासून वाटतं म्हणून थोडं थांबतो इथे. फेडरेशन नवीन पोर्टल आणते, प्रत्येक मेंबरची जन्मतारीख, फोटो, ओळखपत्र, लहान मुलं असतील तर आईवडिलांची संमती आणि कोचची पडताळणी, सगळं चढवा म्हणते. यातली काही माहिती खरंच हवी, मुलांच्या सुरक्षिततेची तर हवीच हवी, त्यात कुणी सूट मागू नये. पण शेवटची तारीख सीझनच्या तोंडावर, पोर्टल अडकलं तर फोन उचलायला कोणी नाही आणि उशीर झाला की दंड मात्र क्लबला, हे चूक आहे. पगारी ऑफिसचं काम बिनपगारी माणसावर ढकलायचं आणि वर त्यालाच डिफॉल्टर म्हणायचं, यातून खूप कटुता येते आणि फेडरेशनच्या ऑफिसात बसून ती दिसतही नसावी.

पुढचा मुद्दा, मेंबर नक्की कोणाचा. इंग्लंडच्याच गोल्फ फेडरेशनने 2021 मध्ये अशी योजना काढली की कुठल्याही क्लबचा मेंबर नसलेल्या माणसालाही थेट फेडरेशनकडून अधिकृत हँडिकॅप, म्हणजे गोल्फमध्ये खेळाडूचा दर्जा किती ते सांगणारा आकडा, मिळेल. फेडरेशनचं म्हणणं, क्लबाबाहेर खेळणारे खूप लोक आहेत, त्यांना खेळाशी जोडू. क्लबांची भीती, आमच्याकडे वर्षाची मेंबरशिप घ्यायचं एक मोठं कारणच हँडिकॅप होतं, ते बाहेर मिळायला लागलं तर माणूस रिन्यू कशाला करेल? मला दोघांचंही पटतं, पण एवढं नक्की म्हणेन की असा निर्णय क्लबांशी बोलून मगच घ्यायला पाहिजे कारण ग्राउंड क्लब सांभाळतो, नवशिक्याला हाताला धरून क्लब शिकवतो, फेडरेशनकडे त्याचं नाव जातं ते त्यानंतर.

आणि आता जे कोणी मोठ्याने बोलत नाही ते. रिन्यूअलची यादी हीच पुष्कळदा मतदार यादी असते. निवडणुकीत मत कोणाला, तर अमुक तारखेपर्यंत संलग्नता चालू असलेल्या क्लबांना. त्यामुळे विरोधातल्या क्लबचा फॉर्म "त्रुटी आहे" म्हणून टेबलावर तसाच ठेवला, निवडणूक उरकली की मंजूर केला, झालं काम, कोणाला काढलं नाही, काही नाही, फक्त उशीर. उलटंही होतं, निवडणुकीच्या आधी कागदावरचे नवे क्लब भराभर संलग्न होतात ज्यांच्याकडे ना टीम ना ग्राउंड. म्हणून फेडरेशनने कागद कडक तपासले तर लगेच तिला शिव्या घालू नका, खोटे क्लब वगळणं हे तिचं कामच आहे, फक्त नियम सगळ्यांना सारखा हवा आणि नकार असेल तर कारणासकट लेखी हवा.

युरोपात या अंगाने एक मोठा निकाल लागलाय. आंतरराष्ट्रीय स्केटिंग फेडरेशनचा नियम होता की परवानगी नसलेल्या स्पर्धेत खेळलात तर बंदी, दोन डच स्पीड स्केटर त्याविरुद्ध युरोपियन कमिशनकडे गेले आणि शेवटी 21 डिसेंबर 2023 ला युरोपियन युनियनच्या सर्वोच्च कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती केस रिन्यूअलची नव्हती, पण त्यातलं सूत्र इथेही लागू पडावं असं माझं मत आहे, स्वतःच स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेकडे परवानगी द्यायचा अधिकार असेल तर तिचे निकष आधी लिहिलेले, स्पष्ट आणि सगळ्यांना सारखे पाहिजेत.

वरच्या लोकांच्या भांडणात खाली काय होतं ते आपण कुस्तीत पाहिलंय. भारतीय कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केलं आणि सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला आपले पैलवान तिरंग्याशिवाय उतरले, वर्षानुवर्षं घाम गाळून. त्यांची काय चूक होती?

तुम्ही एखाद्या क्लबच्या कमिटीवर असाल तर दोन-तीन गोष्टी आत्ताच करून ठेवा. फेडरेशनच्या घटनेची प्रत मागवा आणि फी वाढवायचा अधिकार कोणाला आहे ते बघा, सर्वसाधारण सभेला असेल आणि वाढ नुसत्या सर्क्युलरने आली असेल तर लेखी विचारा. फीबद्दल वाद असला तरी पैसे अडवून धरू नका, "हरकत राखून भरत आहोत" असं पत्र जोडून भरा, म्हणजे इन्शुरन्सही चालू राहतो आणि मतही जात नाही. फॉर्मची पोचपावती तारखेसकट घ्या, तोंडी "झालं तुमचं" यावर विसंबू नका. आणि सुनावणी न देता संलग्नता काढली तर अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं हे कलम आधी वाचून ठेवा, ही मुदत कधीकधी फार कमी असते आणि ती संपल्यावर तुमची बाजू कितीही खरी असली तरी अपीलच दाखल करून घेत नाहीत.